फोटोत न आलेली पाटी

त्या वर्षी आमचा चांदा जिल्हा नागपूरच्या राज्यातून उठून मुंबईच्या राज्यात गेला. जाताना आम्हाला कोणी हलवलं नाही. आरमोरी होती तिथेच राहिली, वैनगंगा होती तिथूनच वाहत राहिली आणि बैलबाजाराच्या गल्लीतली नाली होती तिथेच तुंबत राहिली. पण एवढं मोठं राज्य बदलतं आणि आपण काहीच बदलत नाही, हे गल्लीतल्या दुकानदारांना बरं दिसेना. त्यांनी व्यापारी मंडळ काढलं.

कापडवाले बाबुलालजी अध्यक्ष झाले, कारण बसायची खोली त्यांच्या दुकानामागे होती. मंडळ म्हटलं की नियम पाहिजे, म्हणून एक नियम केला: ज्या दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव आहे, तेच दुकान मंडळात. सगळ्यांच्याच पाट्यांवर नावं होती, त्यामुळे नियम एकमताने पास झाला. मग काम संपलं. पुढच्या सभांना लोक येत, सतरंजीवर बसत आणि समोरच्या भिंतीकडे बघत. भिंतीवर काही नव्हतं.

"अशी खाली भिंत चांगली नाई दिसत," एके दिवशी बाबुलालजी म्हणाले. "गल्लीचा फोटो काढून टांगू. सगळ्या पाट्या आल्या पाहिजेत."

आता पाट्यांचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडे पाटी रंगवायला वेगळा रंग कोणी आणत नसे. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून डब्यात जो रंग उरे, तो दुसऱ्या दिवशी पाटीवर चढे. नदीपलीकडच्या जंगलातून बाजाराला येणारं गिऱ्हाईक अक्षर वाचत नसे, रंग वाचत असे. निळ्यात लुगडं, पिवळ्यात शिलाई, गुलाबीत बांगड्या, लाल-हिरव्यात मीठ. त्यामुळे पाटीचा रंग बदलून चालत नसे, आणि त्यामुळे शिंगांचाही. बाबुलालजींच्या बैलांना दरवर्षी निळीच शिंगं मिरवावी लागत. त्यांना ते शोभत नव्हतं, पण धंद्याचा प्रश्न होता.

लाल-हिरवी पाटी घनश्यामची. घनश्याम ब्रह्मपुरीकडचा, आमच्या गावात देवकाबाईकडे घरजावई म्हणून आलेला. आल्या दिवसापासून त्याचं नाव गेलं ते गेलंच. गाव त्याला देवकाबाईचा जवाई म्हणे. पोस्टमनही तेवढ्यावरच पत्र आणून देई. देवकाबाई 'जवाईबुवा' म्हणे. बायको गिरजा तर नवऱ्याचं नाव घेणारच कशी? ती 'ऐका नं' म्हणे, आणि दुसऱ्याशी बोलताना 'आमच्या घरचे.' आपलं नाव अजून चालतं की नाही हे बघायला घनश्याम कधीकधी नदीवर एकटा असताना ते एकदा मोठ्यानं म्हणून बघे.

म्हणून देवकाबाईच्या घराच्या ओसरीत त्यानं किराणा दुकान टाकलं तेव्हा एकच हट्ट धरला. पाटीवर नाव माझं.

"टाका नं," देवकाबाई म्हणाली. "मी काय वाचून राह्यली तवा? पन रंग घरचाच. मोऱ्या बैलाचा हिरवा, चांद्या बैलाचा लाल. इकत आनाल तं मी सांगून ठेवते."

त्याप्रमाणे गडद हिरव्या पाटीवर गडद लाल अक्षरात 'घनश्याम किराणा भांडार, आरमोरी' असं लिहिलं गेलं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी घनश्याम रस्ता ओलांडून समोर जाई, पाटी वाची आणि परत येई. तेवढं त्याला दिवसभर पुरे.

चांद्याहून मनसाराम फोटोवाला बसनं आला. तीन पायांचा कॅमेरा, काळा कपडा आणि तोंडात पान. सगळे दुकानदार टोप्या घालून आपापल्या पाटीखाली उभे राहिले. नानाजी शिंप्यानं गळ्यात टेप घातला. घनश्याम मात्र उभा राहीना.

"या नं भाऊ, पाटीखाली या," मनसाराम कपड्यातून ओरडला.

"मी उंच आहो," घनश्याम म्हणाला. "डोकं मधात आलं तं 'श्या' झाकला जाईन. पाटी येऊ द्या, मी नाई आलो तं चालते."

आणि तो मनसारामच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. फोटोत आपण नसू पण नाव असेल, या विचारानं त्याला इतका आनंद झाला, की फोटो निघताना गल्लीत हसणारा तो एकटाच होता, आणि तोच फोटोत नव्हता.

महिन्याभरानं फोटो आला. चांगला मोठा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. सगळे खोलीत जमले. बाबुलालजींची पाटी स्पष्ट, नानाजींची स्पष्ट, बांगड्यांच्या दुकानावरची माशी बसलेली जागासुद्धा स्पष्ट. घनश्यामच्या दुकानावर मात्र एक करडी फळी होती. तिच्यावर काहीही नव्हतं. धुतलेल्या पाटीसारखी कोरी.

घनश्यामनं फोटो उजेडात नेला, मग सावलीत नेला, मग उलटा करून मागच्या पुठ्ठ्यावरही बघितला.

मनसाराम स्वतःच फोटो घेऊन आला होता. तो म्हणाला, "माझ्या कॅमेऱ्याले तुमचा लाल अन् तुमचा हिरवा एकच दिसते, भाऊ. दोन्ही करडे. त्यात माझा काय दोष? बैल कोनाचे?"

"पण पाटीवर नाव आहे ना! तुम्ही डोळ्यानं पाह्यलं!"

"मी कपड्यात होतो," मनसाराम म्हणाला.

इथपर्यंत गोष्ट साधी होती. पण मंडळाला बऱ्याच दिवसांनी काम मिळालं होतं. बाबुलालजींनी चष्मा पुसला.

"नियम काय म्हणते? नाव असलेलं दुकान मंडळात. फोटोत नाव आहे काय? नाई."

"अहो बाबुलालजी, दहा पावलांवर दुकान आहे! चला, पाहून घ्या!"

सगळी सभा उठून दुकानासमोर गेली. पाटी होती, नाव होतं, लाल होतं. बाबुलालजींनी ते वाचलंसुद्धा.

"दिसते," ते म्हणाले. "मले दिसते घनश्याम. पन मले तं साल्याच्या लग्नात जादूगाराच्या टोपीतून कबूतर निघतानाबी दिसलं होतं. मानसाचा डोळा आहे, फसते. कॅमेऱ्याले काऊन फसायचं? त्याले ना साला, ना लग्न."

नानाजींनी मान हलवली. "अन् त्याले पापनीबी नाई. एकसारखा पाहाते."

"मग काय करावं मी?"

"घरचा साक्षीदार आना. घरच्या मानसानं पाटी वाचून दाखवावी. मंडळ ऐकून घेईन."

देवकाबाईला वाचता येत नव्हतं. गिरजा चौथी शिकलेली. तिला ओसरीतून खाली रस्त्यावर आणलं. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि पाटीकडे बघितलं.

"वाचा गिरजाबाई. पहिल्यापासून."

गिरजानं घसा साफ केला. "किराणा भांडार, आरमोरी."

"पहिल्यापासून वाचा नं."

"पहिल्यापासूनच वाचलं."

"किराण्याच्या आंगोदर काय लिवलं आहे?"

गिरजानं पदर आणखी पुढे ओढला. घनश्याम तिच्याकडे असा बघत होता, की बघणाऱ्याला त्याला पाणी द्यावंसं वाटावं.

"गिरजा, वाच नं. एकदा वाच."

"अय्या, ऐका नं, असं काय करता?" ती पदरातून पुटपुटली. "भर रस्त्यात? एवढ्या मानसांत?" मग बाबुलालजींकडे वळून म्हणाली, "आंगोदर जे आहेत, ते आमच्या घरचे आहेत."

बाबुलालजींनी पाटी पुन्हा निरखली. "'आमच्या घरचे' असं तं इथी कुठी लिवलेलं नाई," ते म्हणाले, आणि साक्ष संपली.

"मी सांगतच होती," ओसरीतून देवकाबाई म्हणाली. तिनं काय सांगितलं होतं हे कोणी विचारलं नाही. तिला कोणी विचारत नसे, ती सांगत असे.

घनश्याम मंडळाबाहेर झाला. दुकान चालूच होतं, मीठ विकलं जात होतं. पण सकाळी तो रस्ता ओलांडून समोर जाईना. फोटो खोलीच्या भिंतीवर टांगला गेला. गावात येणारा-जाणारा तो बघायला येई, बोट ठेवून विचारी, "हे बिननावाचं कोनाचं?" आणि कोणीतरी सांगे, "देवकाबाईच्या जवायाचं."

फोटो टांगल्यावर एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. दुकानदार सभेला बसत, तेव्हा समोर आपलीच पाटी काळ्या-पांढऱ्यात दिसे. आणि ती बघताबघता प्रत्येकाला वाटू लागलं की आपली पाटी फोटोतच जास्त चांगली आहे. भारदस्त. चांद्याच्या वकिलासारखी.

"खरं सांगू काय," नानाजी म्हणाले, "फोटोत माझं दुकान बालिस्टरचं वाटते. बाहेर निघून पाहातो तं हळद लागल्यासारखं पिवळं."

बाबुलालजी म्हणाले, "रंगीत पाटी म्हनजे बहुरूप्याचं तोंड. आपुन बदललो पाह्यजे. राज्य बदललं."

पंधरवड्यात गल्ली काळी-पांढरी झाली. पांढऱ्यावर काळं किंवा काळ्यावर पांढरं, एवढंच स्वातंत्र्य होतं. बाबुलालजींनी दाराच्या चौकटीही काळ्या केल्या. घनश्यामला कोणी काही सांगितलं नाही, कारण तो मंडळात नव्हता. लाल-हिरवी पाटी तेवढी राहिली.

बाजाराचा दिवस आला. नदीपलीकडून लच्छू आला, सोमारी आली, त्यांच्या गावातली बरीच माणसं आली. टोपल्यांत चारोळी होती, मध होता, लाख होती. लच्छू हा त्यांच्यातला बोलका. तो गल्लीच्या तोंडाशी थांबला. मागची सगळी थांबली. गल्लीभर एकही रंग नव्हता.

लच्छूनं टोपली खाली ठेवली, डोक्याचं फडकं काढलं आणि हळूहळू चालत बाबुलालजींच्या दुकानात जाऊन पायरीवर बसला. बाकीचेही येऊन बसले. सगळ्यांच्या माना खाली.

"या, या!" बाबुलालजी म्हणाले. "काय दाखवू? नवीन लुगडी आली आहेत."

"राहू द्या शेठ," लच्छू हळू आवाजात म्हणाला. "कोन गेलं?"

"कुठी गेलं?"

"मयत कोनाची झाली?"

"कोनाचीच नाई झाली!"

"मंग साऱ्या दुकानायले राख अन् कोळसा काऊन फासला?"

बाबुलालजींनी त्याला भारदस्तपणा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बालिस्टरचं सांगितलं, चांद्याच्या वकिलांचं सांगितलं. लच्छूनं सगळं ऐकून घेतलं आणि उठताना बाबुलालजींच्या पाठीवरून हात फिरवला. "दुःखात मानूस असंच बोलते," तो आपल्या लोकांना म्हणाला. "चाला. इथी आज देनं-घेनं बरं नाई."

आणि गल्लीत एकच दुकान जिवंत होतं, तिकडे सगळे गेले.

घनश्यामच्या ओसरीत अशी गर्दी याआधी फक्त त्याच्या लग्नात झाली होती. सोमारीला बांगड्या पाहिजे होत्या. एकाला धोतर पाहिजे होतं. एका म्हातारीनं चोळीचं कापड काउंटरवर टाकलं आणि माप घ्या म्हणाली.

"बाई, हे किराण्याचं दुकान आहे!"

"आज तुमचंच उघडं आहे नं, भाऊ. घ्या माप."

घनश्याम सगळ्यांना मीठ नाहीतर गूळ देत होता. दुसरं काही त्याला सुचलंच नाही. धोतर मागणारा मीठ घेऊन गेला, सोमारी गूळ घेऊन गेली. देवकाबाईनं चोळीचं माप घेतलं, का ते तिलाही सांगता येईना. संध्याकाळपर्यंत दुकानात लाल मिरच्यांचं एक पोतं आणि तराजू एवढंच उरलं.

त्या रात्री मंडळाची तातडीची सभा भरली. बिननावाच्या दुकानानं नाववाल्या सगळ्या दुकानांचं गिऱ्हाईक पळवलं, हा विषय होता. रंग परत लावायचे हे लगेच ठरलं. मग बाबुलालजींनी विचारलं, "कोनाचा कोनता होता?"

हा प्रश्न सोपा वाटेल. पण त्या दिवशी निळ्यात लुगडं मिळतं हे लच्छूला पाठ होतं, बाबुलालजींना नव्हतं. त्यांना निळा कुठला निळा, हे आठवेना. आकाशी की जांभळाकडचा? नानाजी म्हणाले, माझा पिवळा. बांगडीवाला म्हणाला, पिवळा माझा, तुमचा केशरी. बैलांना विचारायचं तर पोळा होऊन गेला होता, शिंगं घासून पांढरी झाली होती.

"फोटो पाहा," कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी कंदील वर धरून फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. फोटो काळा-पांढरा होता.

"त्यात रंग भरून आनू," बाबुलालजी शेवटी म्हणाले. "लग्नाच्या फोटोत नाई काय भरत? नवरीचे गाल गुलाबी करतेत. मनसारामले सांगू. फोटो रंगीत झाला का त्याच्या बरहुकूम पाट्या रंगवू. फोटो खोटा बोलत नाई."

मनसारामनं फोटोची दुसरी प्रत काढली आणि बल्लारपूरला सुकलूकडे पाठवली. सुकलू हा त्याचा रंगवाला. चार-पाच बारीक ब्रश, कापसाचे बोळे आणि बाटल्यांतले रंग घेऊन तो घरी बसे आणि चांद्यातल्या झाडून साऱ्या नवऱ्यांचे फेटे रंगवी. आरमोरी त्यानं कधी पाहिली नव्हती. पाहायची त्याला गरजही वाटली नाही. फेटेही त्यानं कुठे पाहिलेले असत?

घनश्यामला हे कळलं तेव्हा तो एकदम जागा झाला. रंगीत फोटो म्हणजे लाल लाल दिसेल, हिरवा हिरवा दिसेल. म्हणजे नाव दिसेल! तो पुन्हा सकाळी रस्ता ओलांडून समोर जाऊ लागला. गिरजा ओसरीतून बघे. एकदा ती म्हणाली, "ऐका नं. एवढं काय त्यात?"

"तुले काय कळणार," घनश्याम म्हणाला. "तुले तुहं नाव घेऊन सारे बलावतेत."

गिरजा तांदूळ निवडत राहिली, पण खडे बाजूला ठेवायचे सोडून तांदूळ बाजूला ठेवू लागली.

सुकलू स्वतःच फोटो घेऊन आला. तो बाजाराचाच दिवस होता. किडकिडीत, लाजरा माणूस, नखांत सगळे रंग. गल्लीत खुर्ची टाकून तिच्यावर फोटो उभा केला आणि सगळं गाव गोळा झालं. लच्छूची मंडळीही काय चाललंय ते बघायला थांबली.

फोटो सुंदर होता, यात वाद नाही. बाबुलालजींचं दुकान पोपटी झालं होतं. नानाजी जांभळे. रस्ता आकाशी, नाली सोनेरी. प्रत्येक दुकानदाराचे गाल गुलाबी. आणि घनश्यामच्या दुकानावर गुलाबी पाटीवर पिवळ्या धमक अक्षरात लिहिलं होतं: 'सुकलू पेंटर'.

घनश्यामनं जवळ जाऊन त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे काय लिवलं?" नानाजींनी विचारलं.

"पाटी कोरी दिसली," सुकलू नखं बघत म्हणाला. "म्हनलं, एवढी चांगली जागा वाया काऊन घालवा? तेवढीच माझी जाहिरात."

आता कुठल्याही शहाण्या माणसानं हे पुसून टाका म्हटलं असतं. पण ठराव झाला होता. फोटोबरहुकूम पाट्या रंगवायच्या. बाबुलालजी पोपटी व्हायला तयार झाले होते. मग दुसऱ्यांनी कशाला सूट मागावी?

"फोटोत आहे ते आहे," ते जड आवाजात म्हणाले. "मले काय पोपटी आवडते काय? पन मंडळ आहे. पहिल्या फोटोत दुकानाले मालक नव्हता. दुसऱ्यात आहे. सुकलूभाऊ, तुमचं अभिनंदन. आज तुम्ही मंडळात आले."

"मी?" सुकलू म्हणाला.

"दुकान तुमचं आहे नं?"

"मले माहीत नव्हतं," सुकलू म्हणाला. त्यानं चौफेर पाहिलं. "पन तुम्ही एवढे सारे म्हनता तं…"

आणि तो भिडस्त माणूस कोणाचं मन मोडू नये म्हणून ओसरीवर चढला, चपला काढल्या आणि घनश्यामच्या गादीवर, अगदी कडेला, बसला. समोरच्या डब्यातला गुळाचा खडा त्यानं तोंडात टाकला. लच्छूनं त्याला रामराम केला.

घनश्याम रस्त्याच्या मधोमध उभा होता. तो बाबुलालजींशी भांडला नाही, सुकलूला उठवलं नाही. तो पाटीकडे बघत होता. लाल अजून लाल होता, हिरवा अजून हिरवा होता. पण आपल्यालाच ते नाव दिसतंय का, असं त्याला वाटू लागलं होतं. त्यानं डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं, आणि हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

तेवढ्यात देवकाबाई आतून आली. तिनं गादीवरच्या सुकलूला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"हा कोन वो?"

"दुकानाचा नवा मालक, देवकाबाई," नानाजी म्हणाले.

देवकाबाईनं जरा विचार केला. "दुकानाचा मालक तं माझा जवाई आहे," ती म्हणाली. "मंग हाबी जवाईच काय? बारीक आहे. खाते तरी का नाई?" आणि आत तोंड करून ओरडली, "गिरजे! आनखी एक ताट मांड!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग दुसरं पडलं. ते मात्र पडलं नव्हतं, आपटलं होतं.

गिरजा बाहेर आली. पीठ लागलेल्या हातांनी, तशीच. ती ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली, आणि डोक्यावरचा पदर तिनं घेतला नाही, खोचला. सुकलूनं गूळ तोंडातच धरून ठेवला.

"बाबुलालभाऊ," ती म्हणाली, "तुम्हाले घरचा साक्षीदार पाह्यजे होता नं? ऐका मंग. अन् एकदाच सांगीन, पुन्हा मागान तं नाई मिळनार."

आणि भर बाजारात, बैलगाड्या, टोपल्या, मंडळ, मनसाराम आणि सुकलूच्या समोर, गिरजानं मोठ्यानं म्हटलं:

"मोऱ्याचं शिंग हिरवं, चांद्याचं शिंग लाल,
फोटोवाल्याच्या कपड्यात दोन्हीचे झाले हाल;
भिंतीवर टांगून ठेवा मंडळाचा ठराव,
या दुकानाचे मालक माझे घनश्यामराव!"

म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावले, आणि पदराआडून एकच हसू फुटलं. सोमारीनं टाळी वाजवली. कोणीतरी ओरडलं, "पुन्हा एकदा, गिरजाबाई!"

"पुन्हा नाई," गिरजा म्हणाली, आणि आत जाताजाता सुकलूला म्हणाली, "तुम्ही जेवूनच जा. पन उठा तिथून."

सुकलू इतक्या घाईनं उठला, की चपला उलट्या घालून रस्त्यावर आला. "मले आधीच वाटत होतं," तो मनसारामला म्हणाला, "एवढं दुकान कसं काय आपलं?"

बाबुलालजी विचारात पडले होते. त्यांच्यापुढे आता दोन फोटो आणि एक उखाणा होता. फोटो खोटा बोलत नाही हे त्यांनीच सांगितलं होतं. पण बाई भर बाजारात नवऱ्याचं नाव खोटं घेईल, हे तर कोणाच्या बापालाही पटवता आलं नसतं.

"दिसत नाई," ते अखेर म्हणाले, "पन ऐकू आलं. मंडळ मान्य करते."

एवढ्यात लच्छू पुढे आला. त्याला मंडळाशी काही घेणं नव्हतं, त्याला ऊन व्हायच्या आत मीठ घेऊन निघायचं होतं. इतकी वर्षं तो 'ओ मीठवाले' म्हणत आला होता, कारण दुसरं काही त्याच्या कानावरच पडलं नव्हतं. आता पडलं होतं.

"घनश्यामभाऊ," तो म्हणाला, "मीठ द्या."

घनश्याम हलला नाही. कोणाला हाक मारतायत, म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं. मागे बैल होता. लच्छूनं पुन्हा हाक मारली.

"अवो ऐका नं," आतून गिरजाचा आवाज आला, "तुम्हालेच बलावून राह्यले!"

मग तो ओसरीवर चढला आणि लच्छूला मीठ मोजून देऊ लागला. मोजताना तो किती वेळा मध्येच थांबला आणि किती वेळा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला, ते सांगून उपयोग नाही. लच्छूची टोपली त्या दिवशी दोघांनी उचलावी लागली.

दोन्ही फोटो मंडळाच्या भिंतीवर शेजारी शेजारी टांगले गेले. एकात दुकान बिननावाचं, दुसऱ्यात सुकलूचं. येणाऱ्या पाहुण्याचा घोटाळा होऊ नये म्हणून ठराव झाला की फोटो दाखवताना अध्यक्षांनी गिरजाबाईची साक्ष जशीच्या तशी म्हणून दाखवावी, शब्द इकडचा तिकडे करू नये.

पुढे एकदा तहसीलदारसाहेब गल्ली बघायला आले. पोपटी दुकानामागच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली. फोटोंपुढे बाबुलालजी हात जोडून उभे राहिले, घसा साफ केला आणि शिंगांपासून सुरुवात केली. ठराव पक्का होता, त्यामुळे शेवटची ओळही त्यांनी जशीच्या तशी म्हटली, जरा लाजून.

"या दुकानाचे मालक माझे घनश्यामराव."

तहसीलदारांनी आधी बाबुलालजींकडे पाहिलं, मग दारात उभ्या घनश्यामकडे, आणि पाणी मागितलं.

"छान म्हनलं, बाबुलालजी," दारातून घनश्याम म्हणाला. "साहेबाले नीट ऐकू आलं नसंन. अजून एकदा म्हना."